मेल्बाची धाव

"मेल्बा, बस ना गं जरा. फलाट झिजेल तुझ्या येरझाऱ्यांनी," शेजारची लुएला म्हणाली.

मेल्बा बसली आणि लगेच उठली. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. उकडलेल्या शेंगांचा पुडा हातात तसाच होता. एकही शेंग सोलली नव्हती.

पर्लस्प्रिंगच्या जुन्या स्टेशनावर गाव जमलं होतं. रूळ कधीच उखडून नेले होते, त्या जागी कमरेएवढं गवत माजलं होतं. तरी दर वर्षी, शेवटची गाडी गेली त्या तारखेला, लोक घडीच्या खुर्च्या घेऊन यायचे आणि मेल्बाचा नवरा हॉलिस माइक हातात घ्यायचा.

"तुम्हाला खोटं वाटेल," तो सांगत होता, "पण न्यूयॉर्कची माणसं गाडीत बसून थेट इथं उतरायची. का? आपली संत्री खायला? छे! माझ्या बायकोला बघायला!"

लोक हसले. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मेल्बा इथल्या झऱ्यावरच्या खेळातली मत्स्यकन्या. काचेच्या अलीकडे प्रेक्षक बसायचे, पलीकडे ती शेपटी चढवून पाण्याखाली केळं खायची, रबरी नळीतून श्वास घ्यायची आणि हसत राहायची. मग नवा हमरस्ता दुसरीकडून गेला. माणसं त्या रस्त्याने ऑरलँडोच्या मोठ्या करमणूक-बागांकडे वळली. गाडी बंद झाली, पाठोपाठ झऱ्यावरचे खेळही.

"शेवटची गाडी उभी होती," हॉलिसने खांबावर थाप मारली. "मी इथं, या खांबापाशी. वाटलं, संपलं आपलं गाव. आणि बघतो तर ही धावत येतेय! केस ओले, पायात एकच चप्पल. आली ती सरळ माझ्या मिठीत! गाडी गेली, पण ही राहिली."

दोघीतिघींनी डोळे पुसले. एरवी गोष्ट इथे संपायची.

"यंदा नुसतं सांगणार नाही, दाखवणार आहे," हॉलिस म्हणाला. "मेल्बा, जा त्या टोकाला. लुएला भोंगा वाजवेल. तू आपली सावकाश चालत ये. गुडघा सांभाळ."

"नको, हॉलिस."

"अगं, लोक थांबलेत."

ती टोकाला जाऊन उभी राहिली. लुएलाने बटण दाबलं. कर्ण्यातून इंजिनाचा भोंगा निघाला, लांब आणि खोल. गावात तो आवाज कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

मेल्बा धावली.

सावकाश नाही. गुडघा विसरून, पुडा टाकून, वाटेतली खुर्ची ढकलून ती धावली. हॉलिसने हसत हात पसरले. ती त्याच्या शेजारून निघून गेली. फलाटाच्या कडेला पोचून थांबली आणि खालच्या गवताकडे बघत राहिली.

लोक पोट धरून हसले. "अगं बाई, नवरा मागे राहिला!" कुणीतरी ओरडलं.

हॉलिसही हसत तिच्याजवळ गेला. "मी तिकडे होतो, मेल्बा."

"माहितीये." तिला धाप लागली होती. "तेव्हाही माहीत होतं. मी तुझ्याकडे येतच नव्हते, हॉलिस. गाडी पकडायला धावत होते. तू मध्ये आलास."

माइक त्याच्या हातात चालूच होता. सगळ्या गावाने ऐकलं. हसणं थांबलं. लुएलाने घाईघाईने कसलंतरी बटण दाबलं, तर भोंगा पुन्हा वाजला आणि अर्ध्यावर बंद पडला.

"कधी बोलली नाहीस," हॉलिस म्हणाला.

"तू इतका खूश होतास. त्या दिवशी राहून गेलं. मग तुझी गोष्ट गावाची झाली."

"मग ही सगळी वर्षं... वाईट गेली?"

"वर्षं वाईट नाही गेली रे. मीच कुठे गेले नाही."

हॉलिसने माइक बंद केला. खुर्चीवर ठेवला. 

"कुठे निघाली होतीस?" त्याने विचारलं.

"ठाऊक नाही. गाडीत बसल्यावर ठरवणार होते."

त्याने खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "बस. बसल्यावर ठरव."

मेल्बाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग मूठ मिटली, फलाटाच्या पायऱ्या उतरली आणि ओकच्या झाडाखाली उभ्या पिकअपकडे चालू लागली. लोकांनी खुर्च्या बाजूला घेऊन तिला वाट दिली. ती स्टिअरिंगमागे बसली, गाडी सुरू केली.

हॉलिस मागोमाग आला होता. पण दरवाज्याला त्याने हात लावला नाही.

"मी येऊ का?"

मेल्बाने वाकून पलीकडचं दार उघडलं.

"ये," ती म्हणाली. "पण गोष्टी सांगायच्या नाहीत."