अकरापर्यंतचा हात

डब्याचं झाकण खणकन पडलं आणि रात्रभर तापात कण्हून नुकतीच झोपलेली इरा जागी झाली. रेवाने तिचं कपाळ चाचपलं. ताप उतरला होता. मग तिने स्वतःच्या मनगटावरचा पट्टा पाहिला. बाहेरचं ऊन, कामावरचा आवाज, रात्रीची झोप, सगळं जमेस धरून तो क्रेन चालवणाऱ्यांना रोज सांगायचा, आज हात कधीपासून चुकेल. आज त्याने अकराची वेळ दिली होती.

हॉस्पिटलचा ट्रान्सफॉर्मर या उन्हाळ्यात जळाला होता. पेशंट उकाड्यात तळमळत होते आणि नवा ट्रान्सफॉर्मर रेवाच दुपारी क्रेनने चढवणार होती. तिने कामावरच्या साहेबांना फोन लावला.

“ढवळेसाहेब, दुपारची वाट नको. पोरीजवळ शेजारच्या काकूंना बसवून आत्ताच निघते. अकरानंतर मला केबिनमध्ये चढू देऊ नका.”

“हे पट्टा म्हणतो की तुम्ही, रेवाताई?”

“पट्टाच. मला तर वाटतंय, दिवसभर रेटून नेईन. असं वाटतं ना, तेव्हाच माणूस भिंतीवर भार आदळतो.”

ढवळे हसले. “पट्टे आल्यापासून एकही आदळला नाही बघा. या.”

रेवाने पट्ट्यावरून मायेने अंगठा फिरवला. इराने तिचा हात ओढून घेतला आणि अक्षरं लावत पट्ट्यावरची कारणं वाचली. “ऊन. आवाज. जा-ग-रण. जागरण म्हणजे मी ना?”

“तू नाही गं. तुझा ताप.”

इराने पट्टा उलटसुलट करून पाहिला.

“आई, हात कशामुळे चुकेल ते यात लिहिलंय. मग अकरापर्यंत चुकणार नाही, ते कुणामुळे, ते का नाही लिहिलं?”