पिवळी रेघ

प्रात्यक्षिक परीक्षेत केतकीने उजेडाचे रंग वेगळे करायला फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेला सीडीचा तुकडा पुन्हा दाबून बसवला. समोरच्या बंद पेटीच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. आत सोडियमचा दिवा, म्हणजे स्क्रीनवर एकच पिवळी रेघ दिसायला हवी. तिला मात्र हिरव्यापासून लालपर्यंत सगळे रंग दिसत होते.

"तुझी तरंगलांबी किती आली गं?" तिने शेजारणीला हळूच विचारलं.

"पाचशे एकोणनव्वद. पुस्तकातलं उत्तर आधी लिही, मग रीडिंग जुळव. सगळे तेच करतात."

परीक्षक त्यांच्याच टेबलाकडे येत होते. 'रेघ नाही, रंगांचा पट्टा दिसतो' हे वाक्य केतकीने घाईघाईने खोडलं आणि ५८९ लिहिलं.

परीक्षकांनी उत्तरपत्रिका गोळा करून चाळल्या. "सगळ्यांचं उत्तर पुस्तकातल्यासारखं. पण सोडियमचा दिवा सकाळीच उडाला. पेटीत मी साधा पिवळा बल्ब लावलाय. एकालाही रंग दिसले नाहीत?"

केतकीच्या हातातला फोन अजून चालूच होता. तिने तो वर धरला.

"मला दिसले होते, सर. मी खोडले."