टिकली

डिचोलीतल्या घरातून काम करणाऱ्या क्षमाचा हा आजचा पाचवा व्हिडिओ कॉल. सकाळपासून स्क्रीनवर स्वतःचंच तोंड बघून तिचं कपाळ ठणकत होतं. ते चोळायला तिनं टिकली काढली आणि झोपताना आरशाला लावते तशी सवयीनं समोर चिकटवली. ती नेमकी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बसली. तिचा चौकोन काळा झाला. "क्षमा, कॅमेरा ऑन करा, नियम आहे," सर म्हणाले. टिकली काढायला तिनं नख लावलं. तेवढ्यात पाववाल्याचा भोंगा वाजला. सासूबाईंनी हाक मारली, "पदेर आयलो गो, क्षमा!" तिनं हात मागं घेतला. "सर, कान इथंच आहेत. तोंड पाव आणायला चाललंय," असं म्हणून ती उठली. गरम पाव घेऊन आली तेव्हा कॉलवरच्या सेजल, सतीश, वैशाली, सगळ्यांचे चौकोन काळे होते. उजेडात एकटे सर उरले होते, कपाळ चोळत.