दुपारचा फॉल्ट

कंप्रेसर रोज दुपारी बंद पडायचा आणि मालक वायरमनच्या नावानं बोटं मोडायचा. "आज फॉल्ट सापडला नाही, तर दुसरा वायरमन बघतो."

वायरमननं पॅनल उघडलं. भार वाढला की मोटर बंद करणाऱ्या रिलेचं सेटिंग कुणीतरी मुद्दाम कमी करून ठेवलं होतं.

"काका, हे उद्योग तुमचे?"

कंप्रेसरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं नुसती हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. तिकडे कंप्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या एअर गनवर दिवसभर उभी राहणारी, नववा महिना लागलेली पोरगी पालथ्या बादलीवर पाय पसरून बसली होती.

"हवा चालू असली की तिला बसू देत नाहीत रे."

तेवढ्यात मालक आला. "सापडला का फॉल्ट?"

वायरमननं सेटिंगला हात न लावता झाकण लावलं.

"सापडला, साहेब. मोटर थकलीय. रोज दुपारी घटकाभर दम खाऊ द्यावाच लागेल."