बंद शटर

टाळ्या थांबेनात. उशीने टिपलेलं स्वप्न जसंच्या तसं पडद्यावर दाखवायची आता पद्धतच पडली होती, आणि निळकंठ दाभाडेंचा स्वप्नपट महोत्सवात गाजला होता. त्यात दोन हात पुन्हापुन्हा ताट वाढतात आणि समोर जेवणाऱ्या माणसाला चेहऱ्याच्या जागी दुकानाचं बंद शटर असतं.

"शटर म्हणजे आजची व्यवस्था," निळकंठ माइकवर म्हणाले. "सकाळी मला काहीच आठवत नव्हतं. उशीने सांगितलं तेवढंच."

एका मुलीने विचारलं, "सर, हात तर स्वप्न बघणाऱ्याचेच ना? मग त्यांत बांगड्या कशा? मनगटावर भाजल्याचा डागही आहे."

"कल्पनेतले हात," ते हसले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या बायकोने, कुंदाने, पदर मनगटावर ओढून घेतला. पण डाग त्यांना दिसला होता.

परतताना रिक्षात तीच हळूच म्हणाली, "अभ्रे बदलताना उशांची अदलाबदल झाली असेल. माझंच चुकलं."

निळकंठना मान वर करवेना. "तो डाग कधीचा गं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतला. तुम्ही समोरच जेवत होतात."