तळ्यातला प्राणवायू

"अजून एकदा चालवून बघ," मार्गदर्शक सर चौथ्यांदा म्हणाले, तेव्हा शाल्मलीने लॅपटॉप बंदच केला. तिचं गणिती मॉडेल दर वेळी तेच सांगत होतं: आठवड्याभरात तळ्यातला प्राणवायू संपेल आणि मासे मरतील.

वैतागून ती तळ्यावर गेली आणि तिने मच्छीमार सोसायटीच्या भानुदास भोईंना आलेख दाखवला.

"पोरी, चार दिवस झाले, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतायत," ते म्हणाले. "पालिकेत तीनदा सांगितलं. कागद आणा म्हणतात."

शाल्मलीने आलेखाखाली सही केली. "काका, तुम्ही पाहिलंत तेही इथे लिहा."

तो कागद पाहून पालिकेने दुसऱ्याच दिवशी तळ्यात हवा सोडणारे पंप बसवले. आठवडा सरला, एकही मासा मेला नाही.

"म्हणजे तुझं मॉडेल चुकलं," सर म्हणाले.