बारीक तांबडी वायर

"फिरव किल्ली," बॉनेटखालून आर्वो म्हणाले.

हेल्मीने किल्ली फिरवली. गाडीने साधा हुंकारही दिला नाही.

"टक असा आवाज आला का?"

"नाही, बाबा."

"मग बॅटरीचं दुखणं नव्हे. बॅटरी उतरली असती तर टकटक करत बसली असती. दिवे लाव बघू... हं, लख्ख आहेत! म्हणजे वीज आहे. मध्येच कुठेतरी अडून बसलीय. काढू शोधून."

चौतीस वर्षं त्यांनी खाणीच्या गॅरेजात ट्रकच्या वायरी जोडण्यात काढली होती. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता. वीज कुठे अडलीय ते हेल्मीला ठाऊक होतं. काल संध्याकाळी बाबा अंगणातल्या सॉनात, त्या वाफेच्या खोलीत, घाम काढत बसले असताना तिनेच बॉनेट उघडून ती बारीक तांबडी वायर उपसली होती. किल्लीचा हुकूम स्टार्टरपर्यंत पोचवते ती.

मागच्या मंगळवारी आर्वो पोस्टात गेले होते. पोस्ट घरापासून दोन मैलांवर. सापडले ते चाळीस मैल लांब, लाकूडतोडीच्या कच्च्या रस्त्यावर, पेट्रोल संपलेल्या गाडीत. "वळण चुकलं जरा," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी हेल्मीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, किल्ली काढून घ्या. बाबांच्या तोंडावर ते बोलायची तिची छाती झाली नाही. मग तिने वायर काढली.

"आता न्यूट्रलमध्ये टाकून बघ. जुन्या गाड्यांना कधीकधी आपण गिअरमध्ये आहोत असा भ्रम होतो."

तिने टाकून पाहिलं. काही नाही.

आर्वोंनी बॅटरीची टोकं सोडली, तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केली, पुन्हा आवळली. ऑक्टोबरच्या गारठ्यात त्यांची बोटं निळसर पडली होती. हेल्मीने कॉफी आणि वेलचीच्या पावाचे दोन तुकडे आणून मडगार्डवर ठेवले.

"राहू द्या ना आता. सोमवारी कुणाला तरी बोलावू."

"माझ्या गाडीला हात लावायला दुसरा माणूस?" ते हसले. मग कॉफीचा घोट घेऊन हळूच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असणार बघ. कुठे हात घातला असेन. हल्ली राहत नाही लक्षात."

हेल्मीने तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला होता.

"बाजूला हो. ठिणगी उडेल."

स्टार्टरला वीज सोडणाऱ्या रिलेच्या दोन जाड खिळ्यांवर त्यांनी तो आडवा टेकवला. चर्रकन ठिणगी उडाली आणि इंजिन घुर्रकन फिरलं.

"बघितलंस? स्टार्टर जिवंत आहे! किल्लीचा निरोपच पोचत नाहीये त्याला." ते अर्धेअधिक बॉनेटखाली गेले. बॅटरीच्या मागे त्यांची बोटं चाचपत राहिली, आणि एकदम थांबली.

त्यांनी वायर बाहेर ओढली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. टेपचं शेवटचं टोक अर्धा इंच दुमडून ठेवलेलं, पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावं म्हणून.

आर्वो बराच वेळ ते दुमडलेलं टोक अंगठ्याने चाळवत राहिले.

"हे असं मीच करतो," ते म्हणाले. "आख्ख्या गॅरेजात कुणी करत नव्हतं. मीच काढलीय ही. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही, हेल्मी."

ही दुमड त्यांनीच तिला शिकवली होती. नऊ वर्षांची असताना.

त्यांनी टेप सोडवली, वायर जागेवर बसवली, हात पुसले. मग खिडकीतून आत वाकून त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून घराची किल्ली तेवढी काढून घेतली.

"गाडीची तुझ्याकडे ठेव. स्वतःच्या हाताने काढलेली वायर ज्याला आठवत नाही, त्याने रस्त्यावर जाऊ नये. उद्या एखादं लेकरू आडवं यायचं."

हेल्मीला तर हेच हवं होतं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी काढली ती. काल. तुम्ही सॉनात होतात तेव्हा."

आर्वोंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी काळवंडलेला हात तिच्या गालाला लावला. असा हात त्यांनी तिला कधी लावला नव्हता.

"म्हाताऱ्याची लाज राखतेस होय?" ते म्हणाले. "गुणाची पोर माझी."

"बाबा, खरंच सांगते. शपथ..."

"पुरे. शपथा घेऊ नकोस खोट्या. चल, दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येऊ."

ते गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. आत बसल्यावर पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना. हेल्मीने वाकून तो ओढला, त्यांच्या छातीवरून आणला आणि अडकवला.

तिने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

आर्वोंनी समोरच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं. "बघ," ते म्हणाले, "गाडी बिचारी ठणठणीत होती."